शालनची नारिंगी तार

शनिवारी जेवायला कोण येणार, हे शालनला कळलं ते मेथी निवडताना. वरच्या खोलीत तिचा मुलगा अनिरुद्ध फोनवर बोलत होता आणि त्याचं बोलणं जिन्यावरून थेट स्वयंपाकघरात उतरत होतं.

"मावशी, तुम्ही नाही म्हणालात तर मी जाऊ कुणाकडे? हो, लिनक्सच आहे. कंपनीचा माणूस म्हणतो, आम्हाला फक्त विंडोजचं येतं. नाही, नाही, शनिवारी जेवायलाच या."

मावशी म्हणजे सत्यशीला. शालनची सख्खी बहीण नव्हे, टेलिफोन खात्यातली पस्तीस वर्षांपूर्वीची मैत्रीण. दोघी एकाच दिवशी नोकरीला लागल्या, एकाच एक्स्चेंजमध्ये आणि एकाच हुद्द्यावर. एक्स्चेंजच्या तळमजल्यावर जमिनीपासून छतापर्यंत एक लोखंडी चौकट होती आणि तिच्यावर हजारो फोनांच्या तारा येऊन बसत. तिथे शालनचा हात असा चालायचा की नव्या भरतीच्या लोकांना साहेब तिच्या मागे उभं करत, नुसतं बघायला. सत्यशीलाला पहिली जोडणी शालननेच शिकवली. तेव्हा सत्यशीलाचे हात थरथरायचे.

मग खात्याची परीक्षा आली. परीक्षेच्या आदल्या दिवशी चार वर्षांच्या अनिरुद्धला न्यूमोनिया झाला आणि शालन दवाखान्यात त्याच्या उशाशी बसली. सत्यशीला परीक्षेला बसली, पास झाली आणि अधिकारी झाली. पुढची वीस-बावीस वर्षं शालन तिच्या सहीचे कागद घेऊन तारा जोडत राहिली. दोघींचं येणं-जाणं मात्र कधी थांबलं नाही. सत्यशीलाने लग्न केलं नव्हतं. अनिरुद्धच्या प्रत्येक वाढदिवसाला ती पुस्तक घेऊन विश्रांतवाडीला यायची. शालन तिला आग्रह करकरून वाढायची आणि ती गेली की भांडी जरा जोरात घासायची.

"भांड्यांचा काय गुन्हा?" भीमराव बाहेरच्या खोलीतून विचारायचा. नवऱ्याला सगळं कळत होतं, पण त्याने त्यापलीकडे कधी काही विचारलं नाही.

आता अनिरुद्ध एकतीस वर्षांचा झाला होता. कर्णबधिर मुलांच्या शाळेत सहा वर्षं शिकवून त्याने स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं होतं. कॉलेजच्या वर्गात प्राध्यापक बोलणार, त्यांचा आवाज इंटरनेटवरून वरच्या खोलीत येणार, अनिरुद्ध आणि दोन टायपिस्ट मुली तो ऐकता ऐकता टाइप करणार आणि ती वाक्यं लगेच वर्गातल्या पडद्यावर उमटणार, म्हणजे ऐकू न येणारी मुलं इतरांच्या बरोबरीने शिकणार. त्यासाठीचा प्रोग्रॅम त्याच्या एका मित्राने लिहून दिला होता आणि तो विंडोजवर नाही, फक्त लिनक्सवर चालायचा. घरगुती इंटरनेटवर हे काम भागत नव्हतं, म्हणून त्याने धंद्याचं कनेक्शन घेतलं. कंपनीची माणसं येऊन हॉलमध्ये डबा लावून गेली. डब्यापासून सोफ्यामागच्या सॉकेटपर्यंत आणि तिथून वरच्या खोलीत केबल न्यायला अनिरुद्धने कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन बोलावला. शालन त्या वेळी घरातच होती. तिला कुणी विचारलं नाही.

आणि आता उरलेल्या कामाला सत्यशीला.

शनिवारी ती आली ती बगलेत वही मारून. निवृत्तीनंतर तिने केस कानापर्यंत कापले होते आणि ते तिला शोभत होते. त्याचाही शालनला राग आला. चार वर्षांत ही बाई घरी बसून आपली आपण लिनक्स शिकली होती. दर रविवारी विहाराच्या वाचनालयात मुलांना शिकवायची सुद्धा.

"जयभीम, भीमराव. काय गं शालन, किती वाळलीस!"

"तुझ्याइतका निवांतपणा कुठे मिळतोय आम्हाला," शालन म्हणाली. सत्यशीला हसली आणि सरळ जिना चढली.

पाण्याचा तांब्या घेऊन शालन वर गेली तेव्हा त्या दोघांची डोकी एका पडद्यावर वाकलेली होती. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं पळत होती. शेजारी कंपनीने दिलेला कागद होता आणि त्यावर आकड्यांच्या चार ओळी.

"हा आपला पत्ता," सत्यशीला समजावत होती. "घरच्या कनेक्शनचा पत्ता बदलत राहतो. हा कायमचा. कॉलेजचं दार फक्त याच पत्त्याला उघडणार. ही दुसरी ओळ आपली हद्द सांगते. आणि हा गेटवे. गेटवे म्हणजे नाका समज. घरातून बाहेर पडणारी प्रत्येक गोष्ट या नाक्यावरून जाणार. चारही ओळी इथे बसवल्या. आता नाक्याला हाका मारून बघू."

तिने एक ओळ टाइप केली. पडद्यावर एकामागून एक उत्तरं यायला लागली, सगळी व्यवस्थित, एकही हाक वाया गेली नाही. अनिरुद्ध खुर्चीवरून उठलाच.

"मावशी, तुम्ही जादूगार आहात!"

"जादू कसली रे. चार आकडे नीट लिहिले. आणि खाली वायरिंगचं काही लागलं तर शालन आहेच."

"आई? छे, आईला कशाला त्रास. ती जुन्या फोनच्या काळातली."

हे तो सहज म्हणाला. दारात तांब्या घेऊन उभ्या असलेल्या शालनकडे बघून हसलाही. शालनने तांब्या टेबलावर ठेवला आणि खाली आली. जेवताना सत्यशीलाने मेथीची भाजी दोनदा मागून घेतली. शालनने दोन्ही वेळा मुकाट वाढली. आपल्या पोराच्या आजारपणात आपली परीक्षा गेली, आणि ज्या पोरासाठी गेली त्यालाच आज ही बाई जादूगार वाटते, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं.

मंगळवारी दुपारी अनिरुद्ध कॉलेजात गेला होता. भीमरावचा जेवणानंतर डोळा लागला होता. शालनने सोफा पुढे ओढला, कपाटातून आपली जुनी हत्यारांची पिशवी काढली आणि जमिनीवर बैठक मारून सॉकेट उघडलं. तिला खरंच फक्त बघायचं होतं, इलेक्ट्रिशियनने काम कसं केलंय ते. काम वाईट नव्हतं. आठ रंगीत तारा आपापल्या खाचेत दाबून बसवल्या होत्या. टोकं जरा जास्त सोलली होती, एवढंच. पाच मिनिटांत नीट करता आली असती.

तिने स्क्रूड्रायव्हरचं टोक नारिंगी तारेखाली घातलं आणि तार अर्धी उचलली.

पूर्ण काढली असती तर वर काहीच चाललं नसतं आणि बिघाड कुणाच्याही ध्यानात आला असता. अर्धी उचललेली तार टेकूनही राहते आणि सुटूनही जाते. दार आपटलं, बाहेरून ट्रक गेला, की सुटते, मग पुन्हा टेकते. असला बिघाड शोधायला चौकटीवर कधीकधी दोन दोन दिवस जात. तीस वर्षांत असा सैल जोड शालनने चुकूनही मागे ठेवला नव्हता. आज हाताने केला. झाकण लावलं, सोफा मागे सारला आणि चहाचं आधण ठेवलं. हात अजिबात थरथरले नाहीत, याचं तिला नंतर नवल वाटलं.

गुरुवारी अकरा वाजता पहिली चाचणी होती. वर्गात बारा मुलं पडद्यासमोर बसली होती. सुरुवातीची दहा मिनिटं वाक्यं झरझर उमटली. मग थांबली. मग अर्धं वाक्य आलं, पुन्हा थांबलं. वर अनिरुद्ध हेडफोन कानाला दाबून "हॅलो सर, हॅलो" करत होता आणि खाली शालन कणीक मळत ते ऐकत होती. अर्ध्या तासाने प्राध्यापकांनी फोन करून सांगितलं की आज राहू दे, पुढच्या गुरुवारी एकदा बघू. तेव्हाही नाही जमलं तर मग अवघड आहे.

अनिरुद्ध खाली येऊन पायरीवर बसला.

"आई, सर सांगत होते, एका मुलीने शेवटपर्यंत पडद्यावरची नजर काढली नाही. तिला वाटलं, सर गप्प बसलेत म्हणून अक्षरं थांबली. आणि सर तर बोलत होते."

शालनने कणकेला पाण्याचा हात लावला. कणीक फार घट्ट झाली होती.

शुक्रवारी सकाळी सत्यशीला आली. या वेळी वहीबरोबर लॅपटॉपही आणला होता. दुपारी दोनपर्यंत ती वरच होती. सगळं पुसून पहिल्यापासून लिहिलं, आकडे कागदाशी ताडून पाहिले, पुन्हा हाका मारल्या. शंभरातल्या कधी पाच वाया जात, कधी तीस, तर कधी एकही नाही. कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, आमच्या डब्यापर्यंत लाइन स्वच्छ आहे, तुमच्या लिनक्समध्येच काहीतरी असेल.

मग ती जिना उतरून स्वयंपाकघराच्या दारात आली.

"शालन, ती सोफ्यामागची जोडणी तू बघितलीस का गं?"

आताच सांगता आलं असतं. "बघते" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"बघितली," शालन म्हणाली. "वायरिंगमध्ये काही नाही."

"मग संपलं." सत्यशीलाने लगेच मान हलवली. "तू बघितलीस म्हणजे तिथे नाहीच. माझंच काहीतरी चुकतंय."

ती ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. चष्मा काढून पदराने पुसत राहिली, तो स्वच्छ होता तरी.

"एक सांगू? कुणाला बोलले नाहीये. एप्रिलपासून माझं विसरायला होतंय. किल्ली कुठे ठेवली, गॅस बंद केला का, असं. वयच आहे म्हणून मी सोडून देत होते. पण आज चार वेळा तेच आकडे लिहिले आणि चारही वेळा वाटलं, मधलं काहीतरी माझ्याकडून सुटतंय आणि मला दिसत नाहीये. आईचं शेवटी काय झालं ते तू बघितलंयस. मला ओळखत नव्हती."

"काहीतरीच काय," शालन म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"अनिरुद्धला सांगते मी, कुणी तरुण माणूस बघ म्हणून. पोराचं काम माझ्यापायी बुडायला नको."

चहा न घेताच ती गेली. शालनला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. सत्यशीला खाली मान घालून तिच्या दारातून बाहेर पडली होती. शालनने ते खिडकीतून पाहिलं आणि तिच्यासाठी केलेला चहा ओट्यावर तसाच निवत राहिला.

शनिवारी सकाळी तिने अनिरुद्धला हाक मारली. "जरा सोफा ओढ. मला एकदा बघू दे."

त्याच्यासमोर तिने झाकण उघडलं, नारिंगी तारेवर बोट ठेवलं. "ही बघ, सैल आहे." आठही तारा काढून टोकं नव्याने कापली, एकेक खाचेत दाबली. खट्, खट्, खट्. अनिरुद्ध तोंड उघडं टाकून बघत राहिला. वर जाऊन त्याने शंभर हाका मारल्या आणि शंभर उत्तरं आली.

"आई, तू भारी आहेस! मावशींना दिवसभर सापडलं नाही आणि तू पाच मिनिटांत? मला माहीतच नव्हतं तुला हे येतं."

"एकतीस वर्षं काय करत होते असं वाटलं तुला?"

"मला वाटलं, कंटाळलीस तू. निवृत्त झालीस त्या दिवशी तूच म्हणालीस ना, आता जन्मात तारेला हात लावणार नाही. म्हणून मी इलेक्ट्रिशियन बोलावला."

ती तसं म्हणाली होती खरी. निरोपाचा हार घालून रिक्षातून उतरताना, थकून, सहज. पोराने तो शब्द चार वर्षं जपला होता. दिवसभर तो भेटेल त्याला आईचं कौतुक सांगत होता. भीमरावलाही सांगितलं. भीमरावने वर्तमानपत्रावरून बायकोकडे एकदा नीट पाहिलं.

"मंगळवारी दुपारी सोफा सरकल्याचा आवाज आला होता मला," अनिरुद्ध वर गेल्यावर तो म्हणाला. "म्हटलं, झाडत असशील."

एवढं बोलून त्याने पान उलटलं.

रविवारी सकाळी शालन रिक्षा करून टिंगरेनगरला गेली. सत्यशीला एकटीच होती. वाचनालयातला वर्ग तिने त्या दिवशी घेतला नव्हता. टेबलावर औषधाच्या चिठ्ठीएवढ्या कागदावर कुठल्याशा डॉक्टरचं नाव आणि बुधवारची वेळ लिहिलेली होती.

शालन बसली नाही. उभ्यानेच बोलली.

"तार मी सैल केली होती. मंगळवारी, मुद्दाम. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. तुझं काहीही चुकलेलं नाही, काहीही विसरलेली नाहीस तू."

सत्यशीलाने टेबलावरचा कागद उचलून हातात धरला.

"म्हणजे माझं लिहिलेलं बरोबर होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"चारही वेळा?"

"चारही वेळा."

सत्यशीलाने खुर्चीची पाठ धरली आणि खाली बसली. आधी तिला हसू आलं, मग डोळे भरून आले, आणि मग चेहरा असा ताठ झाला की शालनला एक्स्चेंजमधली साहेबीण आठवली.

"लॅपटॉप आणला होता मी. खालच्या डब्यालाच थेट लावून बघणार होते, की दोष घराबाहेरचा आहे की आतला. दोन मिनिटांचं काम होतं. तू म्हणालीस वायरिंगमध्ये काही नाही, म्हणून लावला नाही. शालनने बघितलंय म्हटल्यावर काय तपासायचं? दोन रात्री मी जागी आहे. भिंतीकडे बघत पाढे म्हणतेय, विसरले का ते बघायला."

"मला वाटायचं..." शालन म्हणाली. मग तिने जे होतं ते सांगून टाकलं. "परीक्षेपासून मनात आहे माझ्या. तू साहेब झालीस, मी खाली राहिले. तेही गिळलं. पण अनिरुद्धने तुला बोलावलं ते नाही गिळता आलं. पोर तरी माझं आहे असं वाटलं."

"तुझंच आहे. मी कधी मागितलं?" सत्यशीलाचा आवाज चढला. "आणि परीक्षेचं म्हणशील तर पुढच्या वर्षीचा फॉर्म मी स्वतः आणून दिला होता तुला. तू भरला नाहीस. म्हणालीस, आता नको."

शालनला तो फॉर्म आठवला. तिने तो भरला नव्हता, कारण तो सत्यशीलाने आणला होता. इतकी वर्षं तिने ही गोष्ट स्वतःलाही सांगितली नव्हती. त्या क्षणीही ती तोंडातून बाहेर पडली नाही.

"अनिरुद्धला सांगितलंस?"

"नाही. त्याला वाटतंय मी बिघाड शोधला."

"सांग त्याला. मी सांगणार नाही. आणि आता जा. मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाही."

शालन गेली. घरी पोचताच, धीर खचायच्या आत, तिने अनिरुद्धला सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "गुरुवारी तू खालीच होतीस ना? मी त्या मुलीचं सांगितलं तेव्हा?"

"होते."

तो उठून वर गेला. तीन दिवस आईशी तो कामापुरतं बोलला. "मीठ दे." "दार लावून घे." भीमराव दोघांच्या मध्ये बसून जेवायचा आणि हवापाण्याच्या गप्पा मारायचा.

बुधवारी सत्यशीला डॉक्टरकडे गेलीच. घेतलेली वेळ मोडायची नाही, हा तिचा स्वभाव. डॉक्टर म्हणाले, झोप कमी आहे, बाकी काही नाही. हे शालनला भीमरावकडून कळलं. सत्यशीलाने फोन त्याला केला होता.

गुरुवारी चाचणीच्या आधी तासभर ती आली. "जयभीम" भीमरावला म्हणाली, शालनला नुसती मान हलवली, आणि सोफ्याकडे बोट केलं. "उघड. या वेळी माझ्या डोळ्यांनी बघणार."

शालनने मुकाट्याने झाकण उघडलं. सत्यशीलाने आठही तारा चष्मा पुढे-मागे करत तपासल्या, डब्याला लॅपटॉप लावला, मग वर गेली. अकरा वाजले. शालन जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिली. वरून तीन की-बोर्डांचा पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता, मधे खंड नव्हता. पन्नास मिनिटांनी तो थांबला आणि अनिरुद्धचा आवाज आला, "हो सर, पूर्ण तास! प्रश्न विचारले मुलांनी? कुणी, तिने विचारला?"

मग वर सत्यशीला आणि तो हसायला लागले. ते हसणं ऐकताना शालनला पुन्हा आत कुठेतरी टोचलं. आता संपलं असेल असं तिला वाटलं होतं, पण संपलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली, टायपिस्ट मुली धरून चार कप चहा केला आणि स्वतः वर घेऊन गेली. अनिरुद्धने कप घेताना तिच्याकडे पाहिलं. "बस ना," तो म्हणाला. आठवड्यातलं ते पहिलं जादा वाक्य होतं. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

जुलैपासून कॉलेजचं काम नियमित सुरू झालं. सत्यशीला अधूनमधून यायची, वरच्या खोलीतलं काम बघायची आणि निघून जायची. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ती बसली नाही, आणि शालननेही आग्रह केला नाही. आग्रह करायचा हक्क आपण घालवलाय, हे तिला कळत होतं.

सप्टेंबरात एका दुपारी शालनचा फोन वाजला.

"वाचनालयात सहा कॉम्प्युटर आलेत," सत्यशीला म्हणाली. "जोडायचेत. पोरांनी तारा ओढल्यात, पण एकाही टोकावर माझा विश्वास नाही. येतेस का?"

"येते," शालन म्हणाली. "कधी?"

"आत्ता. पिशवी घेऊन ये. आणि हे बघ, जोडून झालं की मी सगळं तपासणार आहे. प्रत्येक तार."

"तपास की," शालन म्हणाली आणि कपाट उघडलं.